सवतीची सोयरीक आली त्या दुपारी

वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या आमच्या घरी त्या दुपारी पाहुणे आले होते… आणि त्यांच्यासाठी पोहे मीच केले होते. माझ्या नवऱ्याला दुसरी बायको म्हणून मुलगी द्यायला आले होते ते.

गोष्ट पन्नास सालानंतरची. आता माझी नव्वदी उलटली, भाची टाइप करून देते आहे. तेव्हा आमच्या भागात मूल नाही म्हणून दुसरं लग्न करणं कोणाला वावगं वाटत नसे.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंनी काय नाही केलं… उपास, कडू काढे, कुण्या बाबाचा अंगारा. आळीत बारसं असलं की मला बोलावणं यायचं नाही. मग मी वावरात जायची. उभ्या तुरीत कोणी बघत नाही, मोकळं रडता येतं.

शेवटी वर्ध्याच्या एका लेडी डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझ्यात काही दोष दिसत नाही. नवऱ्यालाही तपासून घ्यायला सांग."

यांना ते कसं सांगायचं? हे शाळेत मास्तर, गावात मान. एकदा भाकरी वाढता वाढता बोलून टाकलं. यांनी ऐकलं, जेवले, उठून गेले. पुढे त्यावर एक शब्द नाही. मधे शाळेचं काम म्हणून नागपूरला जाऊन आले. मला वाटलं, रागावले…

आणि मग ही सोयरीक. यांच्या मामांनीच आणलेली. मुलीचे वडील खाटेवर बसले होते, मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी.

मामा म्हणाले, "मंग मास्तर, तारीख काढाची ना?"

"मामा, कमी माह्यात आहे," हे म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगतलं मले. दुसरी केली तरी तेच होईन. कायले एखाद्याच्या पोरीचं वाटोळं करता?"

त्या काळी, चार माणसांसमोर, एका पुरुषानं… मी कप तिथेच खाली ठेवले. मुलीचे वडील उठले. जाताना यांना हात जोडून गेले.

सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या. बराच वेळ रडल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कायकाय पाजलं वं मी तुले… मले काय मालूम, माय."

मूल आम्हाला झालं नाही. सासूबाईंनीच पुढे लागून मला ट्रेनिंगला पाठवलं, मीही मास्तरीण झाले. गावच्या पारावर काही जण यांच्या पाठीमागे हसत. यांना ते कळायचं, तरी पारावरूनच शाळेत जायचे.

खूप वर्षांनी, हे आजारी असताना मी विचारलं, "त्या दिवशी लाज नाई वाटली तुम्हाले?"

म्हणाले, "वाटली ना… पण तुले रोज लोक बोलून राह्यले होते. मले एकदाच बोलाचं होतं."

हे जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. पण ते वाक्य आठवलं की आजही हात आपोआप जोडले जातात.