पाला खाणाऱ्याची दाढ

तिला सगळी गल्ली ‘कवळीताई’ म्हणायची आणि तिला त्याचं काही वाटत नसे. निम्मं आयुष्य ती दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांचे दात बनवत आली होती. मेण, प्लास्टर, बारीक कानशी आणि गुलाबी हिरड्यांचा डबा, एवढा तिचा संसार. तिची एक खोड होती. तोंडाचं माप हातात आलं की ती आधी डॉक्टरांना विचारायची, “हे गृहस्थ खातात काय?”

“अहो ताई, कवळी करायची आहे, जेवायला नाही बोलवायचं त्यांना!” डॉक्टर वैतागायचे. पण ती ऐकेल तर शपथ. सूप पिणाऱ्याला आणि हाडं फोडणाऱ्याला एकसारखी दाढ द्यायची म्हणजे सगळ्या गावाला एकाच मापाचा बूट घालायचा, असं तिचं ठाम मत होतं.

आणि अशा बाईच्या घरात तिचे सख्खे वडील जेवत नव्हते!

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून बाबा दोन घास खाल्ल्यासारखं करायचे, पावाच्या कडांना तर हातही लावायचे नाहीत. “टोचतंय,” म्हणायचे, कवळी काढून पाण्याच्या वाटीत टाकायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. असंच चाललं तर हे अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. कवळीताईच्या मते दोष कवळीचाच, दुसरं काय असणार? तिने ती घासली, मग नवी केली, मग तीही मोडीत काढून आणखी एक केली. रोज ताट वाढायची आणि कानस हातात घेऊन समोर उभी राहायची. दात कुठे टेकतात ते पाहायला निळा कागद चावायला द्यायची. ठसे अगदी हवे तिथे उमटायचे, आणि बाबा उठून जायचे.

त्याच सुमारास संग्रहालयातल्या एक बाई दवाखान्यात आल्या. त्यांच्या खोक्यात कापसावर दोन दगडी जबडे होते. त्यातल्या एकाची दाढ गळाली होती आणि तो प्रदर्शनात मांडायचा होता. तेवढी एक कोणी प्लास्टरची करून देईल का? डॉक्टरांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

कवळीताईने जबडा उचलला आणि तिच्या तोंडून सवयीने निघालं, “हे खातात काय?”

“पाला खायचा,” बाई सहज म्हणाल्या. “घोड्याच्या चुलतघराण्यातला आहे. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचा.”

दाढा बुटक्या होत्या, गोलसर उंचवट्यांच्या. पाला चुरडायला झकास. कवळीताई खूश झाली. “आता कुठे असतात हे?”

“कुठेच नाहीत. याच्या वरच्या, म्हणजे नंतरच्या खडकांत पुढे पुढे हे दिसेनासे होतात.”

हे मात्र तिच्या मनाला लागलं. “दातांनीच घात केला असणार,” ती म्हणाली आणि दिवा जवळ ओढून खोट शोधायला लागली.

बाईंनी दुसरा जबडा पुढे सरकवला. “हा याच्याच जातीचा, पण बराच नंतरचा.” त्याच्या दाढा मुळापर्यंत झिजून सपाट झाल्या होत्या.

“अगं बाई! हा काय दगड चावत होता?”

“गवत. हवा कोरडी होत गेली, जंगल मागे हटलं, गवत पसरलं. गवतात कचकच असते, वर माती. बुटक्या दाढा किती पुरणार?”

“मग घोडे कसे जगले?”

“त्यांच्या दाढा उंच झाल्या.”

“कोणी करून दिल्या?”

आता बाईंना हसू आवरेना. “कोणी नाही हो. जन्मतःच एखाद्याची दाढ केसभर उंच निघायची. तो थोडा जास्त जगायचा, त्याला पोरं जास्त व्हायची. त्या पोरांत आणखी एखादं केसभर उंच दाढेचं. असं लाखो वर्षं.”

मग काय, कवळीताईने प्रश्नांचा भडिमार लावला. दात आधी आले की जबडा? (“त्यावर आमच्यात अजून भांडणं आहेत.”) त्याआधी सगळे बिनदातांचेच? आणि जगत होते? “मजेत,” बाई म्हणाल्या. “कोट्यवधी वर्षं.” आपल्या धंद्यावाचून जगाचं इतका काळ काही अडलं नव्हतं, हे ऐकून ती जरा हिरमुसलीच. आजवर जे जे जगलं त्यातलं बहुतेक सगळं संपलंय, हे ऐकल्यावर मात्र तिने हातातलं मेण खाली ठेवलं आणि जबडा पुन्हा उचलून पाहिला.

दाढ तयार झाली, चपखल बसली. तरी तिची हुरहुर जाईना. “काही म्हणा, याच्या दाढेत खोट नाही हो.”

“मी कुठे म्हटलं खोट आहे म्हणून?” बाई म्हणाल्या. “पाल्यासाठी याहून चांगली दाढ मिळायची नाही. पालाच राहिला नाही, तिथे दाढ काय करणार?”

संध्याकाळी तिने बाबांना सूप आणि पाव वाढला, कानस घेऊन उभी राहिली. बाबांनी सवयीने कवळी काढून पाण्याच्या वाटीत टाकली, आणि तिची नजर पावाच्या कडेवर गेली. आईला कड आवडत नसे. ती आपल्या पावाची कड तोडून बाबांच्या ताटात टाकायची. “मी काय उकिरडा आहे?” म्हणून बाबा करवादायचे आणि सगळ्या कडा फस्त करायचे. जन्मभर हा माणूस असाच भांडत भांडत जेवला होता. आणि आपण वर्षभर त्याच्या डोक्यावर उभ्या! एकदाही शेजारी बसून जेवलो नाही. तिला स्वतःची लाज वाटली, रडू आलं.

तिने कानस खणात टाकली, आपलं ताट घेतलं आणि आईच्या खुर्चीत बसली. पावाची कड तोडून बाबांच्या ताटात ठेवली.

“हे काय?”

“मला नाही आवडत.”

“लबाड! लहानपणी माझ्या पुढ्यातल्या पळवायचीस. आणि मी काय उकिरडा...” बाबा मध्येच थांबले.

मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने जबड्याची गोष्ट काढली. बाबा आधी नुसते ऐकत होते, मग खुर्ची पुढे ओढून विचारायला लागले. “सगळेच मेले? एकही नाही उरला?”

“एकही नाही.”

“आणि ते गवतवाले? त्यांना जमायला किती वेळ लागला?”

“लाखो वर्षं, बाबा.”

“बाप रे!” बाबांनी ताटातली कड उचलून उलटसुलट करून पाहिली. “माझ्याकडे काही एवढा वेळ नाही. ती वाटी सरकव इकडे.”