मग हळू सोडा

चंद्री गोठ्यात बसली होती ती उठेना. आदल्या दिवशी व्यालेली गाय. मान वळवून कुशीत घातलेली, कान हाताला गार. देवळाली प्रवराच्या मळ्यातला हा गोठा सुमनमावशींचा. मी गुरांचा डॉक्टर.

असली गाय पाहून शिकाऊ डॉक्टरही मिल्क फीवर म्हणेल. नावात ताप आहे, पण अंग गार पडतं. व्याल्यावर कॅल्शियम दुधात उतरतं आणि गाईला उभं राहण्यापुरतंही रक्तात उरत नाही. उपाय म्हणजे कॅल्शियमची बाटली, मानेच्या शिरेतून. वेळेत दिली तर गाय उठते, नाहीतर जाते.

मी म्हणालो, "मावशी, व्याताना पाय घसरलाय. नस दबली असणार. दुखण्याचं इंजेक्शन देतो, उद्या बघू."

"घसरला न्हाई. मी हितंच हुते."

"तुमचं लक्ष नसेल."

"आवो, वासरू मीच वढलं! बरं, कुठं लागलंय ते दाखवा की."

मागचे पाय पुन्हा चाचपले. सूज नाही, दुखरी जागा नाही. तरी माझं डोकं कारणं पुरवतच होतं. गाय अंगानं भरलेली, सूज दिसत नसेल. जमीन ओली, घसरलीच असेल. एकेक कारण ऐकायला शहाणं. सगळी मिळून मला त्या बाटलीपासून लांब नेत होती.

कारण मागे नेवाशाकडच्या एका गाईला मी तीच बाटली घाईत सोडली होती. कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय थांबतं. थांबलं. मालकाला म्हणालो, गाईचं हृदयच कमजोर होतं. त्यानं उलट माझेच आभार मानले. तेव्हापासून मिल्क फीवर समोर आला की मला दुसरंच काहीतरी दिसायचं. भीती आधी निकाल लावायची, बुद्धी मागाहून पुरावे गोळा करायची. हे मी घरीही कधी बोललो नव्हतो. त्या गोठ्यात बोललो.

"मावशी, पायाला काही झालेलं नाही. बाटलीच लागणार. पण मागे एक गाय माझ्या हातून गेलीय. औषध भराभर सोडलं होतं मी."

मावशींनी चंद्रीच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मंग आता हळू सोडा."

बाटली कोमट केली. सुई शिरेत, स्टेथोस्कोप छातीवर. ठोका अडखळला की धार थांबवायची, सावरला की पुन्हा सोडायची. मावशी बाटली उंच धरून उभ्या.

"हात दुखला का?"

"माझा हात ऱ्हाऊ द्या, तुमी कान लावा."

बाटली अर्ध्यावर आली आणि चंद्रीचं अंग थरथरलं. ढेकर दिला, औषध लागू पडत असल्याची खूण. बाटली सरता सरता शेण टाकलं. कोरड्या नाकावर घाम आला. थोड्या वेळानं तिनं मागचा भाग उचलला, एक हिसका दिला आणि उभी! वासराकडे जाताना माझा खाली ठेवलेला स्टेथोस्कोप तुडवला.

"पाय घसरल्याली गाय लई जोरात तुडवती व्हय, डॉक्टर?"

मी गोठ्यात बसून पोटभर हसलो.

घरी जाण्याआधी नेवाशाच्या त्या मालकाला फोन करून खरं सांगितलं. त्यानं शिव्या दिल्या, त्या मला लागू होत्या.

भीती अजून येते. आता तिला निदान करू देत नाही, बाटलीच्या धारेवर नजर ठेवायला बसवतो. त्या कामात ती माझ्यापेक्षा हुशार आहे.