हातातच तुटलेले धागे

“दम धरा, मॅडम,” असं मला सांगून मामा स्वतःचाच श्वास रोखायचे. त्यांच्या चिमट्यात असायचा बुलेटप्रूफ जॅकेटात वापरतात तो पिवळा धागा, केसाहून बारीक. फुंकर लागली की गेलाच. तो कागदी चौकटीवर चिकटवायचा, मशीनला लावायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा, हे सांगलीच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं काम. मामा तिथले सहायक, मूळचे कवठे महांकाळकडचे, माजी फौजी. तुमच्याही ऑफिसात असा एखादा मामा असेलच, ज्याच्यावाचून साहेबांचं पान हलत नाही.

मी तापट. मामांची एक सवय माझ्या फार डोक्यात जायची. चिकटवतानाच तुटलेल्या धाग्यांसाठीसुद्धा ते वहीत फुली मारायचे.

“मामा, मशीनला लागलाच नाही तो धागा कशाला लिहिता?”

“आवं, तुटला न्हवं? मग लिवायचा.”

एका कारखान्याला आमचा अहवाल हवा होता. टॉवरवर चढणाऱ्यांच्या कमरेला बांधायच्या, याच धाग्यांच्या दोरावर किती भार चालेल? माझे आकडे कसे देखणे आले! सरासरी भरपूर, चढउतार जेमतेम. मी पेढे आणायला निघाले, तर मामा दारात आडवे.

“मॅडम, लय चांगलं आलंय. म्हणून भ्या वाटतंय. फौजेत दोराला लटकलोय मी.”

त्यांनी वही पुढं केली. पानंच्या पानं फुल्या. कच्चे धागे हातातच तुटून बाद झाले होते. मशीनपर्यंत पोचले ते सगळे पैलवान, आणि मी बाई त्यांच्यावरून अख्ख्या गावाची ताकद सांगत होते!

खरं सांगते, आधी मी मामांवरच ओरडले. मग निमूट बसून फुल्यांसकट सगळं गणित पुन्हा मांडलं. दोराचा भार बराच खाली आला. आता दोर जाड करावा लागणार म्हणून कारखान्याचे साहेब फोनवर वाट्टेल ते बोलले. मी ऐकून घेतलं.

मामा गेल्या वर्षी रिटायर होऊन गावी गेले. परवा त्याच साहेबांचा फोन आला. टॉवरवर एकाचा पाय सुटला, दोरानं त्याला धरलं. मी लगेच मामांना फोन लावला आणि मला रडूच फुटलं.

“मामा, तुमच्यामुळं वाचला हो तो.”

ते म्हणाले, “गडी कुठला हाय?”

मी विचारलंच नव्हतं.

“इचारा की. भेटून येतो.”

पत्ता काढून मी पुन्हा फोन केला, तेव्हा मामा एसटी स्टँडवर येऊन उभेच होते.