घाम वॉरंटीत येत नाही

गुडगावच्या सर्व्हिस सेंटरमधले ते गृहस्थ घड्याळ हातात आलं की आधी पट्टा हुंगतात. घाम लपत नाही म्हणे. काही द्यायचं असलं की ते "हम" म्हणतात, नाकारायचं असलं की "कंपनी".

धावण्यासाठी घेतलेलं माझं महागडं जीपीएस घड्याळ तिसऱ्यांदा बंद पडलं, तेव्हा फॉर्मवर मी ऐटीत लिहिलं, 'धावताना बंद पडलं.'

"सर, कंपनी पसीना कवर नहीं करती." मग इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "काट दीजिए. लिखिए, टेबल पे रखी थी. हम नई दे देंगे."

मी निमूटपणे खोडलं. घड्याळ तिन्ही वेळा टेबलावरच बंद पडलं होतं, आणि पट्टा त्यांनी तिन्ही वेळा हुंगला होता.