आजीसमोरचा भात

माझी बायको निवेदिता आयर्लंडमधल्या किलकेनीच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत चुका शोधते. एका चित्रात डावीकडे असलेला कप पुढच्या चित्रात उजवीकडे गेला, की तिला तो दिसतोच. मला माझे मोजे सापडत नाहीत. आठ वर्षांत या कामात तिचा हात धरणारं कुणी मला भेटलेलं नाही.

यंदाचा सिनेमा कोरियन लोककथांवरचा. वाटसरूंना कुस्तीला बोलावणारी भुतं, बावळट वाघ आणि एक नात न् तिची आजी. आजी हयात नाही हे शेवटी कळतं; ती कधी गेली, ते पटकथेत नव्हतं. जेवणाचा प्रसंग सोयॉन नावाच्या कोरियन चित्रकर्तीने काढला होता. बाकी सगळीकडे भात डावीकडे, सूप उजवीकडे. इथे आजीसमोर नेमकं उलट. सोयॉन सुट्टीवर होती. निवेदिताने तिला न विचारताच वाट्या बदलून घेतल्या. दिग्दर्शक 'ग्रँड' म्हणाला, आणि ते मला घरी दोनदा ऐकावं लागलं.

पितृपक्षात सासूबाई आमच्याकडे होत्या. निवेदिता माझ्या सासऱ्यांचं पान वाढायला लागली, तशा त्या म्हणाल्या, "अगं, त्यांचं पान रोजच्यासारखं नाही वाढायचं. उलटं वाढ."

ती पळी धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, वडिलांची आठवण आली. जेवणं झाल्यावर भांडी विसळताना मला हळूच म्हणाली, "विक्रांत, ती आजी त्या जेवणाआधीच गेलेली आहे. सोयॉनने ते सांगून ठेवलं होतं आणि मी पुसलं."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सिनेमात एक रेघही बदलता येणार नव्हती. तिने लगेच सोयॉनला फोन लावला. अंदाज खरा होता; कोरियातही गेलेल्या माणसासमोर भात-सूप उलटंच मांडतात. सोयॉन परतल्यावर बदललेल्या वाट्या बघून गप्प बसली होती. तिला वाटलं, वरच्यांना आवडलं नसेल. सकाळी निवेदिताने सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक सोयॉनची नव्हती, माझी होती." आठ वर्षांचं नाव पणाला लावून ती दुपारपर्यंत तिथेच बसली आणि वाट्या परत जागेवर आल्या. मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

नोव्हेंबरात स्टुडिओने घरच्यांसाठी सिनेमाचा खेळ ठेवला. सासूबाईंना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. जेवणाचा प्रसंग आला. नात हसत होती, आजी हसत होती, आजूबाजूची पोरंही हसत होती.

सासूबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला. "निवे, म्हातारी गेली गं," त्या म्हणाल्या. "पोरीला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही."