आईने सोडलेला हक्क

माझी आई दर शनिवारी घाटकोपरला एका बालवाडीच्या वर्गात बसायची. मुलं सुटली की तिथे बायका यायच्या. कोणी मार खाल्लेली, कोणी नवऱ्याने टाकलेली. पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन त्या बोलायच्या. आई वकील नव्हती. मुलुंडच्या शाळेतली साधी शिक्षिका, पण तरुणपणी हुंड्याविरुद्धच्या मोर्चांत घसा बसेपर्यंत ओरडलेली, पोलीस व्हॅनमध्ये बसून आलेली. कायदा ती बायकांच्या संघटनेतल्या वकीलबाईंकडून ऐकून ऐकून शिकली होती.

हक्कसोडाच्या बाबतीत ती फार कडक होती. आईबाप गेले की भाऊ बहिणीला बोलावतात, गोडाधोडाचं जेवायला घालतात, साडी देतात आणि घरातला वाटा सोडल्याच्या कागदावर तिची सही घेतात. आपल्याकडे ही रीतच पडून गेली आहे. सही करणारी चांगली बहीण, न करणारी हावरट. आई बायकांना सांगायची, "साडी घ्या, जेवून या, सही करू नका." बायका हसायच्या. काहीजणी ऐकायच्यासुद्धा.

मग माझी आजी गेली. आजोबा आधीच गेले होते. बोरिवलीची त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली होती आणि मामांना घर आपल्या नावावर करून हवं होतं. दोघेही मामा आमच्याकडे आले, येताना मोरपंखी रंगाची नारायणपेठ घेऊन आले.

"ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे गं," धाकटा मामा म्हणाला. "नव्या घरात एक खोली तुझीच. कधीही ये, पाहिजे तितकी राहा."

आईने घडी मोडून पदर बघितला आणि रंग छान आहे म्हणाली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. ती सही करणार हे मला तिथेच कळलं.

ते गेल्यावर मी कडाकडा भांडले. त्या बायकांना शनिवारी काय तोंड दाखवणार आहेस, असंही विचारलं. आई शांतपणे साडीची घडी घालत होती.

"ज्यांनी माझं ऐकलं ना, त्यांना वाटा मिळाला," ती म्हणाली. "पण परत कोणी त्यांना दिवाळीला बोलावलं नाही. एकीला तर आई गेल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. कायदा खोली देतो गं, भाऊ नाही देत. तुझे बाबा गेले तेव्हा तेराव्यापर्यंत माझ्यापाशी कोण बसून होतं? मला माझे भाऊ हवेत."

धाकटा मामा खरंच बसून होता. तिला भात कालवून द्यायचा. माझा राग वेगळाच आहे. घर की बहीण, हा प्रश्न मामांना आयुष्यात कधी पडला नाही. त्यांना दोन्ही आयतंच मिळणार होतं. मोर्चे काढून, लाठ्या खाऊन बायकांनी कायदा बदलून घेतला, आणि त्या कायद्याचा वापर केला की माहेर तुटतं. मग हक्क मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं?

निबंधकाच्या कार्यालयात आईचा फोटो काढला, अंगठा घेतला. समोरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "राजीखुशीने सोडताय ना?"

"हो," आई म्हणाली.

नंतर मामांनी आम्हाला डोसा खायला नेलं. तिघं भावंडं लहानपणीच्या चोऱ्यामाऱ्या आठवून इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. बाबा गेल्यापासून आईला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्या तासाभरासाठी मला मामांचा रागही आला नाही. पुढच्या शनिवारी ती घाटकोपरला गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. ती पुन्हा कधीच तिथे गेली नाही.

टॉवर झाला. वास्तुशांतीला आम्ही गेलो तेव्हा तिच्या खोलीत मामेभावाचं व्यायामाचं सामान लागलेलं होतं. मामी गोड हसून म्हणाली, "ताई, आता येताना आधी फोन करत जा हं. आम्ही घरी असतोच असं नाही." आई म्हणाली, बरोबर आहे. त्या वर्षी भाऊबीजेला सगळे लोणावळ्याला गेले. "व्हिडिओ कॉलवर ओवाळ ना, आजकाल सगळे तसंच करतात," मोठा मामा म्हणाला. आईने फोन डब्याला टेकवून उभा केला आणि ओवाळलं. मी त्यावर एक टोमणा मारला, तर ती हसलीसुद्धा.

गेल्या दिवाळीत तेवढंही झालं नाही. मामांना आवडतात म्हणून तिने चिरोटे केले होते. भाऊबीजेला सकाळपासून ओवाळायचं ताट तयार होतं. दुपारी मी दोघांना फोन लावला, कोणी उचलला नाही. मग मोठ्या मामाचा मेसेज आला. दिव्यांचं चित्र, खाली शुभेच्छा. सगळ्यांना पाठवतात तोच.

दिवेलागणीला आई ताट घेऊन गच्चीवर निघाली. मी मागोमाग गेले. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावर बीजेची बारीक कोर होती. ज्या बाईला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आईने निरांजन लावलं. वारा होता म्हणून मी दोन्ही हातांनी आडोसा धरला.

आमच्या खालच्या मजल्यावरची नवी सून वाळलेले कपडे काढत होती. तिने सहज विचारलं, "काकू, तुम्हाला भाऊ नाही?"

"नाही गं," आई म्हणाली आणि ओवाळत राहिली.

कोर हळूहळू डोंगराआड उतरली. त्या डोंगराच्या पलीकडेच बोरिवली आहे.