हिंदी आवृत्तीतलं एक वाक्य

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत तेव्हा टँकरनं पाणी यायचं, आणि गुडगावातल्या माझ्या ऑफिसातही. त्या ऑफिसात बसून, आमची कंपनी किती पाणी वाचवते, हे मी लिहीत असे. काचेच्या इमारतीत नोकरी मिळाल्याचं अप्रूप इतकं होतं की त्यात काही विचित्र आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

कंपनीची लोखंडाची खाण होती, दिल्लीहून आगगाडीनं दीड दिवसाच्या अंतरावर. पर्यावरणासाठी आणि आसपासच्या गावांसाठी तुम्ही काय करता, असं परदेशी गुंतवणूकदार विचारू लागले होते. म्हणून आता दरवर्षी सस्टेनेबिलिटी रिपोर्ट काढायचा होता. आमच्या विभागप्रमुख साहेबांनी ते काम मला दिलं. "आपकी इंग्लिश अच्छी है, मॅडम. बाकी सब हो जाएगा."

खाणीवरून माहिती आली. तीत लावलेल्या झाडांचा आकडा होता. तिथल्या अधिकाऱ्यांना मी फोनवर विचारलं, यातली जगली किती? ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, फॉर्म में सिर्फ लगाए हुए पूछे हैं." सोबतच्या फोटोत झाडं धुळीनं लाल झाली होती. साहेबांनी डिझायनरला सांगितलं, थोडा हरा कर दो. त्यानं केलं. पानांबरोबर एका डंपरचं चाकही हिरवं झालं, ते छापायच्या आधी कुणाच्या तरी लक्षात आलं.

मी हट्ट धरला, एकदा खाण बघून येते. तिथल्या अधिकाऱ्यांनी जीपमधून रोपवाटिका दाखवली, शाळेची नवी रंगवलेली भिंत दाखवली. उन्हानं घसा कोरडा पडला होता, म्हणून एका घरासमोर थांबून मी पाणी मागितलं. दारातल्या म्हातारीनं आधी अंगणातल्या विहिरीची बादली माझ्यासमोर आणून ठेवली. पाणी विटेच्या रंगाचं होतं.

"ये देख लो. पीने का अलग है, दूर से लाती हूँ," ती म्हणाली आणि घरातून तांब्या घेऊन आली. "बरसात में ऊपर का सारा मिट्टी इधर उतरता है."

अधिकारी जीपच्या टायरकडे बघत राहिले. मी तिचं पाणी प्यायले आणि मला लाज वाटली, कारण तेवढ्यासाठी तिला पुन्हा चालावं लागणार होतं.

परत आल्यावर मी रिपोर्टात सरळ लिहिलं: पावसाळ्यात खाणीवरची माती गावातल्या विहिरींत उतरते आणि पाणी पिण्याजोगं राहत नाही. साहेबांनी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं की पाण्याच्या प्रश्नावर आमचा स्थानिकांशी अर्थपूर्ण संवाद सुरू आहे.

"सर, कौन सा संवाद?"

"आप गई थीं ना? बात हुई थी ना? वही."

गावकऱ्यांसाठी एक हिंदी आवृत्तीही निघणार होती. वेळ वाचावा म्हणून अनुवादकाकडे माझा पहिला खर्डा आधीच गेला होता. हिंदी प्रूफ आलं तेव्हा माझं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं. मी साहेबांना म्हटलं, एकदा बघता का? ते म्हणाले, "हिंदी कौन पढ़ेगा, मॅडम? साइन करके भेज दो."

त्या संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग त्यांना सांग ना."

"बघा म्हटलं की मी त्यांना."

"बघा म्हणणं आणि सांगणं एकच आहे का?"

नव्हतं. मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी सही केली आणि प्रूफ प्रेसच्या माणसाच्या हातात दिलं.

इंग्रजी रिपोर्टला एका पंचतारांकित हॉटेलात पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी 'संवादा'चं खास कौतुक केलं. साहेबांनी ट्रॉफी स्वतःच्या टेबलावर ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात खाणीच्या फाटकासमोर बायका येऊन बसल्या. त्यांच्या हातात आमचीच हिंदी पुस्तिका होती. शाळेच्या मास्तरांनी ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. नाकारायची सोय नव्हती. पहिल्याच पानावर चेअरमनचा हसरा फोटो आणि सही होती. माती अडवायला बांध घालावा लागला आणि गावात बोअरवेलही खणावी लागली.

साहेबांनी मला बोलावलं. "आपने देखा था?"

"देखा था."

"मुझे बता तो देतीं."

"आप काट देते, सर."

ते एकदम हसले, मग हसल्याचं लक्षात येऊन गंभीर झाले. त्याच आठवड्यात माझी बदली कँटीन आणि स्टाफ बसच्या व्यवस्थेवर झाली.

पुढच्या वर्षीच्या रिपोर्टच्या मुखपृष्ठावर ती बोअरवेल होती. खाली लिहिलं होतं, 'आमचा पुढाकार'. मला राग यायला हवा होता, पण आधी काळजी वाटली. खाणीवरच्या त्या अधिकाऱ्यांना फोन लावला आणि विचारलं, पाणी खरंच चांगलं येतं का?

"आता है, मॅडम," ते म्हणाले. "अब तो मैं भी वहीं से भरवाता हूँ."